चांदभाईचा पाय

चांदभाईंनी डाव्या पायातली चप्पल काढली, गॅरेजच्या दारात पिवळ्या गाडीच्या बाजूला नीट ठेवली आणि कमरेत वाकून ते आत शिरले. गाडी इतकी बुटकी की बसणं कसलं, खड्ड्यात उतरणंच ते. उजव्या पायातली चप्पल तशीच राहिली. गेली चाळीस वर्षं हे असंच. ब्रेकला चप्पल चालते, क्लचला पाय उघडाच पाहिजे.

“आप्पांनी बजावलंय, चांदभाईचा पाय लागल्याबिगर टोकन द्यायचं न्हाई,” शेजारी बसलेला करण म्हणाला.

करण म्हणजे काष्टीच्या बन्सीचा, म्हणजे आप्पांचा, मुलगा. वय एकोणतीस, दोन पोकलेनचा मालक. काष्टीपासून जामखेडपर्यंत कुणी जुनी गाडी घ्यायची ठरवली, मग ती जीप असो नाहीतर टेम्पो, की ती आधी केडगावला चांदभाईंकडे यायची. ते एक चक्कर मारून यायचे आणि सांगायचे, क्लचप्लेट गेलीय, नाद सोड. किंवा, डोळे झाकून घे. याला सगळे ‘पाय लावणं’ म्हणत. यंत्र लावून तपासणारी पोरं आता नगरात गल्लोगल्ली झाली होती, तरी लोक पाय लावायला यायचेच. चांदभाईंचं म्हणून जे काही होतं ते एवढंच.

आज पाय लावायला दोन गाड्या आल्या होत्या. पुण्याचा एजंट ओंकार त्या घेऊन आला होता. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या, दोनच माणसं बसतील अशा. पिवळीला हातानं टाकायचे गिअर. राखाडीला क्लचच नाही. स्टिअरिंगच्या मागं दोन पट्ट्या, उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. दोन्हींतली एक करणला आजच ठरवायची होती.

“मला तर पिवळीच पायजे,” करण म्हणाला. “पण तुमी म्हनाल तसं.”

चांदभाईंनी क्लच दाबला. म्हणजे पाय खाली गेलेला त्यांना दिसला.

खरं सांगायचं तर तो पाय चार महिन्यांपासून त्यांचा राहिलाच नव्हता. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. साखर तपासायच्या शिबिरात डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगून म्हटलं होतं, “तळव्याला दोरा लावते, कळलं की सांगा.” चांदभाई थांबले. बराच वेळ थांबून म्हणाले, “करा की सुरू.” बाई म्हणाल्या, “झालं, काका.” अनवाणी चालायचं नाही आणि घरातल्या कुणीतरी रोज तळवा बघायचा, असं त्यांनी दोनदा बजावलं. घरी येऊन चांदभाईंनी जहिराला, बायकोला, एवढंच सांगितलं की साखर जरा वाढलीय. तिनं चहातली साखर बंद केली. विषय संपला.

गाडी हलली आणि धक्का खाऊन बंद पडली.

चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. करणनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“परकी गाडी हाय,” चांदभाई म्हणाले. “वळख व्हायला येळ लागतो.”

दुसऱ्यांदा त्यांनी इंजिनच्या आवाजावर कान ठेवला, काट्यावर नजर ठेवली आणि गाडी निघाली. चास मागं पडलं. कामरगावचा घाट लागला तसा करणनं डोळे मिटून घेतले. चांदभाईंची नजर सहज त्याच्या पायांकडे गेली. करणचा डावा पाय खालच्या मॅटवर दाबला जात होता, सुटत होता. प्रत्येक गिअरला. अगदी वेळेवर.

हे त्याला शिकवलं कुणी? चांदभाईंनीच. बन्सीच्या जीपमध्ये, काष्टीच्या चढावर. हँडब्रेक ओढायचा नाही, ब्रेकवरचा पाय काढायचा, नुसत्या क्लचवर जीप तोलून धरायची. पोरगं घाबरून घामाघूम झालेलं. तेव्हा त्याच्या डोक्यावर टपली मारून ते म्हणाले होते, “खाली काय बघतो येड्या? पायाला विचार. पाय सांगतो.”

घाट उतरताना चांदभाई करणच्या पायाकडे चोरून बघत क्लच दाबत होते. नंतर एकही धक्का बसला नाही.

“कसा हाय क्लच?” करणनं विचारलं.

“ती दुसरी बघू आधी.”

परतल्यावर पिवळी निघाल्या जागेपासून चार पावलं पुढं थांबली. ओंकार राखाडीचं दार उघडून तयारच होता. चांदभाई या गाडीतून उतरले ते सरळ त्या गाडीत बसले. ओंकार शेजारी बसला, करण गॅरेजपाशीच थांबला.

राखाडीत डाव्या पायाला कामच नव्हतं. तो कोपऱ्यात पडून राहिला आणि गाडी तरी पळाली. बोटं हलत होती, गिअर पडत होते, एकदाही धक्का नाही, चूक नाही. घाटाच्या दुसऱ्या वळणावर चांदभाईंच्या लक्षात आलं की आपले खांदे सैल पडलेत. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटत होतं. असल्या गाड्यांना ते आजवर पाळणा म्हणत आले होते. बसायचं आणि झुलायचं. आता स्वतःच झुलत होते, आणि त्याची त्यांना लाज वाटली. पण पट्टी ओढायचं काही त्यांनी थांबवलं नाही.

गॅरेजच्या दारात पिवळी उभी असल्यानं त्यांनी राखाडी समोरच्या रसवंतीपाशी डांबरावर लावली. एप्रिलचे दोन वाजले होते. ओंकार टुणकन उतरून छपराखाली पळाला. चांदभाई दाराला टेकून उन्हातच उभे राहिले.

“ही घे,” रस्ता ओलांडून आलेल्या करणला ते म्हणाले.

करणचा चेहरा उतरला. “राखाडी?”

“पुन्याला जाता-येता शिरूरला, वाघोलीला किती अडकतो तू? दर दहा पावलांला क्लच मारून गुडघा जाईल. आनि आता समद्या अशाच येत्यात. मानसाच्या आधी गिअर टाकती ही.”

“मी तेच म्हणत होतो सर,” ओंकार सावलीतून ओरडला.

“पिवळीच्या क्लचात काय हाय का पन?”

चांदभाई रस्त्यावरच्या टेम्पोकडे बघत राहिले. “जुना वाटतोय.”

“बरं.” करणनं खिशातला मोबाईल काढला, परत ठेवला. “तुमीच म्हनत हुता, गाडी आपन चालवायची, गाडीनं आपल्याला न्यायचं न्हाई.”

“म्हनत हुतो.”

“बरं,” करण परत म्हणाला. मग त्यानं रस्त्यापलीकडं, गॅरेजच्या दाराकडं पाहिलं. नंतर खाली पाहिलं.

तो रस्ता ओलांडून गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात डाव्या पायातली चप्पल होती.

“चाचा,” तो हळू आवाजात म्हणाला, “पाय भाजंना का तुमचा?”

चांदभाईंनी खाली बघितलं. डांबर पाघळून चकाकत होतं आणि त्यात त्यांचा उघडा पाय निवांत उभा होता. त्यांनी तो उचलून वळवून पाहिला. तळव्याला काळं चिकटलं होतं आणि टाचेशी रुपयाएवढा फोड आला होता.

आताही सांगता आलं असतं, घाईत विसरलो म्हणून. करण काही बोलला नसता. राखाडी घेऊन गेला असता, आणि उद्या कुणी श्रीगोंद्याहून टेम्पो घेऊन आला असता, पाय लावायला.

“करन,” चांदभाई म्हणाले, “पिवळीचा क्लच कसा हाय ते मला ठावं न्हाई.”

“म्हंजी?”

“पायाला इचारलं. बोलंना तो. चार म्हैने झाले.” त्यांचा आवाज सपाट होता, गाडीचं मॉडेल सांगावं तसा. “जुना वाटतोय म्हनलो ते खोटं हाय. नगरात कुनाकडनं तरी तपासून घे आनि तुला पायजे ती घे. बन्सीला सांग, चांदभाईचा पाय लागला न्हाई. कुनी इचारलं तर त्यालाबी हेच सांग.”

करण खाली बसला. त्यानं रुमाल काढून चांदभाईंच्या तळव्यावरचं डांबर फोडाला न लागता हळूहळू पुसलं, चप्पल पुढं सरकवली आणि पाय दोन्ही हातांत धरून तीत बसवला.

“लागतंय का?” त्यानं मान वर करून विचारलं.

चांदभाई आपल्या पायावर ठेवलेल्या त्याच्या हातांकडे बघत होते. हात अजून तिथंच होते, ते त्यांना दिसत होतं.