गुरुवारचा फोटो

पुतणीच्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिलं नाही. ते शब्दकोशात ठेवलं होतं. एखादा शब्द अडला की आधी तेच हाती यायचं.

इस्पितळात मी तीस वर्षं जखमांचे फोटो काढले. निवृत्तीनंतर एका मंगळवारी दुपारी ती घरी आली आणि बाही वर करून म्हणाली, "काका, काढा. कोर्टात टिकेल असा."

तिला खिडकीशी बसवून मी आधी चेहऱ्यासकट फोटो काढला, मग दंडाशी मोजपट्टी धरून जवळून.

"पट्टी सरळ धरा हं. माझ्या वहीतल्या समासाला नावं ठेवायचात!" ती हसायला गेली, पण ओठ फुटलेला होता.

"आज नुसती सूज दिसतेय," मी म्हणालो. "वळ उमटायला दोन दिवस लागतात. मग बोटंसुद्धा मोजता येतील. गुरुवारी ये. कुणाला सांगू नकोस."

संध्याकाळी थोरला भाऊ, म्हणजे तिचे वडील, आला.

"तुझ्याकडे आली होती ना? दिल्या घरची भांडणं चव्हाट्यावर आणायची? उद्या धाकटीला कोण पत्करेल? तू पुस्तकातला किडा, तुला संसारातलं काय कळतंय!"

त्याच्यापुढे मला कधीच बोलता आलं नाही. पुटपुटलो, "गुरुवारी परत येणारे. तेव्हा तूच समजाव."

गुरुवारी ती फाटकातून आत आली, तेव्हा दारात भाऊ आणि जावई उभे होते.

"पोरी, हात जोडतो," भाऊ म्हणाला.

तिने त्यांच्या खांद्यांवरून माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याची काच पुसत राहिलो. ती त्यांच्याबरोबर गेली.

पत्र आलं ते महिला वसतिगृहातून. "काका, एका कानाने ऐकू येत नाही आता. त्याचा फोटो निघत नाही. बाबांचं नवल नाही, पण गुरुवार फक्त तुम्हाला ठाऊक होता. मंगळवारचे फोटो तरी पाठवाल?"

मी उत्तराचे खर्डे करत राहिलो. परवा भाऊ म्हणाला, "पुढच्या महिन्यात केस निकालात निघेल, पुरावाच नाही. तू खरा शहाणा." जन्मात पहिल्यांदाच त्याने मला शहाणा म्हटलं होतं.

आज फोटो आणि निगेटिव्ह पाकिटात घातल्या. सोबत लिहिलं, "गुरुवार मीच सांगितला. मारणारा एकच होता. परत धाडणारे आम्ही दोघे सख्खे. गुरुवारचा फोटो का नाही, हेही मी कोर्टात येऊन सांगेन." शेवटी 'क्षमा कर' लिहिलं होतं, ते खोडलं.

पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव राहिलं."

मी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. भावाचंही तेच आहे. बाईंनी शिक्का मारला.