एका सावलीएवढी दोरी

मित्रांनो, मी एक जुनी दोरी आहे. लांबी विचाराल, तर एका मुलीच्या सावलीएवढी.

प्लोवदिव शहरातल्या एका गवंड्याने मला शेळीच्या केसांपासून वळलं. आमच्याकडे तेव्हा समजूत होती, की भिंतीत माणसाची सावली चिणली तर घर पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. म्हणून गवंडी दोरीने कुणाची तरी सावली गुपचूप मापायचे आणि ती दोरी कोपऱ्याच्या दगडाखाली पुरायचे. ज्याची सावली गेली, तो माणूस थोड्याच दिवसांत मरायचा आणि त्या घराचा राखणदार होऊन राहायचा. बांधकाम दिसलं की आया पोरांना दामटून पलीकडच्या गल्लीने न्यायच्या. नेदा नावाची पोर मात्र एकटीच आली, पाण्याची घागर घेऊन. ऊन तिच्या पाठीवर होतं. गवंड्याने मला तिच्या टाचेपासून सावलीच्या डोक्यापर्यंत पसरलं आणि तिथेच कापलं. मेल्याने तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही!

पुढे मी कोपऱ्यात आणि नेदा भिंतीत. भूकंप झाले, शेजारची घरं बसली, आमचं उभं राहिलं. "काय काम केलंय बुवा!" असं लोक म्हणायचे. कौतुक गवंड्याचं व्हायचं आणि नेदा रडायची. सुरुवातीला घरातले लोक कोपऱ्याशी तिच्यासाठी पाव आणि दूध ठेवत. मग तेही विसरले. मला फार वाईट वाटायचं, पण दोरीचं कोण ऐकतंय?

शेवटी घरात एकटे लोझानकाका उरले. धंद्याने न्हावी, बिनलग्नाचे, जिभेला वस्तऱ्याची धार. कोपरा फुगून भेग पडली, तेव्हा त्यांनी जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या राइनाला बोलावलं. तिने दगड काढला आणि मी तिच्या हाती लागले. तिने मला झटकन खाली टाकलं.

"काका, ही तसली दोरी आहे."

"ठाऊक आहे. लहानपणापासून रडणं ऐकतोय त्या पोरीचं."

"मग जाळून टाकू. सुटेल बिचारी."

"आधी भिंत उभी कर, मग जाळ. घर कोसळलं तर उताराखालच्या घरातल्या लेकरांच्या डोक्यावर कोसळेल."

राइनाने लोखंडी पट्ट्या घातल्या, भेग चुन्याने भरली. सकाळी पाहावं तर भेग पुन्हा आ वासून उभी. पुन्हा भरली, पुन्हा उघडली. शेवटी ती हताश होऊन म्हणाली, "ही दोरी परत ठेवावीच लागणार."

"जीभ झडो तुझी! पुन्हा त्या पोरीला कोंडतेस? माझी सावली माप."

"काका, वेड लागलंय का तुम्हाला?"

"डॉक्टरने थोडेच दिवस दिलेत मला. आता जायचंच आहे, तर घरातल्या घरात जातो."

ती खूप भांडली. काका ऐकतात होय! ते अंगणात उन्हाकडे पाठ करून उभे राहिले. मी पडले पोरीच्या मापाची; काकांची सावली माझ्यात नेमकी बसली, तरच तिच्या जागी ती घेता येणार आणि पोर सुटणार. त्यांची सकाळची सावली माझ्या किती तरी पुढे गेली होती. मग ते वाट बघत राहिले. ऊन चढत गेलं, सावली आखडत गेली. राइना चुना कालवत होती आणि रडत होती.

"टोपी काढा काका," ती म्हणाली, "ती मापात धरायची नाही."

त्यांनी टोपी काढली. सावलीचं डोकं माझ्या टोकाला टेकलं आणि मी गारठले.

"आता, पोरी," काका भिंतीकडे पाहून म्हणाले.

भिंतीतलं रडणं थांबलं. अंगणातल्या फरशीवर एक लहानशी सावली उभी होती. तिच्याजवळ माणूस कुणीच नव्हतं. ती काकांच्या पायाशी थोडी घुटमळली आणि फाटकातून बाहेर गेली.

मग राइनाने मला पुन्हा कोपऱ्यात ठेवलं. काका द्राक्षं पिकायच्या आतच गेले. भेग पुन्हा उघडली नाही. आता पाहुणे येतात, भिंतीवर थाप मारून वाहवा करतात, आणि भिंतीतून काका त्यांच्या केशरचनेला नावं ठेवतात.

मित्रांनो, जुनी घरं जपा. भिंतींवर नावं कोरू नका, आत कुणाला लागत असेल. आणि आमच्या गल्लीत एखादी लहान सावली एकटीच फिरताना दिसली, तर भिऊ नका, तिला वाट द्या. फक्त कीव येऊन तिला घरात बोलावू नका; घरात राहून तिचं पुरे झालंय.