डाळिंब समजून मला फोडले

मित्रांनो, मी एक जुने डाळिंब आहे, पण चिनीमातीचे. माझ्या अंगावर ज्या बारीक रेघा दिसतात, त्या म्हातारपणाच्या सुरकुत्या नव्हेत. मला फोडले होते. नव्या वर्षाच्या पहिल्याच क्षणी, घरातल्या सगळ्यांसमोर मला उंबऱ्यावर आपटले, आणि ज्याने आपटले त्याला आपण काय फोडले हे कळलेच नाही. त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले, तरी तिची आठवण झाली की माझ्या अंगावर काटा येतो.

माझा जन्म क्युताह्या नावाच्या शहरात, चिनीमातीच्या भट्टीत झाला. रंगाऱ्याने मला खराखुरा लाल रंग दिला, डोक्यावर मुकुट बसवला आणि एका गालावर पिवळसर छटाही दिली. मेब्रुरेबाईंनी मला पाहिले आणि तिथल्या तिथे घेऊन टाकले. एस्किशेहिर शहरातल्या आपल्या घरी आणून त्यांनी मला दाराजवळच्या फळीवर मांडले, कारण डाळिंब असलेल्या घरात बरकत राहते. रोज सकाळी ओल्या फडक्याने माझे अंग पुसले जाई. पाहुणे म्हणत, ‘‘अगं बाई, खरंच वाटलं मला!’’ मी फुगून जात असे. खऱ्या डाळिंबांना तर मी जमेतच धरत नसे. दर वर्षअखेरीला त्यांतले एक घरी येई आणि बारा वाजता दारात फुटे. त्याचे दाणे जितके लांब उडतील तितके वर्ष भरभराटीचे जाते म्हणतात. मी फळीवरून ती गंमत पाही आणि मनात म्हणे, बिचारे!

मेब्रुरेबाई गेल्या आणि माझ्यावर धूळ साचू लागली. घरात आता त्यांचे यजमान रेफिक, मुलगी नाझान आणि शाळकरी नात पेलिन अशी तिघेच. जावई जहाजावर. रेफिक आजोबांनी सारा जन्म लांब पल्ल्याच्या बस चालवण्यात घालवला होता. नाझानची बिस्किटांच्या कारखान्यात सकाळची पाळी असे, म्हणून पेलिनला नदीपलीकडच्या शाळेत गाडीने सोडण्याचे काम आजोबांकडे आले. त्याचा त्यांना कोण अभिमान! शेजारी हिकमेत काही बोलले की ते म्हणत, ‘‘अरे, मी डोळे मिटून अंकारापर्यंत जाईन, शाळेचं काय घेऊन बसलास!’’

गाडीच्या किल्ल्या माझ्याशेजारी एका वाटीत असत. त्यामुळे जे कुणालाच कळले नाही, ते मला आधी कळले. पूर्वी आजोबांचा हात सरळ वाटीत जाई. मग तो आधी फळीच्या कडेला लागू लागला, मग माझ्या मुकुटाला, आणि मग चाचपडत वाटीकडे जाऊ लागला. एके दिवशी तर पायांत एक काळा आणि एक तपकिरी बूट घालून स्वारी निघाली. मी हादरून गेले. या माणसाला दिसत नाही, आणि हा त्या पोरीला गाडीत बसवून भर रस्त्याने नेतो आहे!

काय सांगू मित्रांनो, त्या हिवाळ्यात माझी दर सकाळ जीव मुठीत धरून जाई. किल्ल्या पुन्हा वाटीत पडल्याचा आवाज आला की मला हायसे वाटे. पण ओरडून सांगणार कसे? मला कुठे तोंड होते!

अशात वर्षाची शेवटची संध्याकाळ आली. बाहेर बर्फ पडत होते. टर्की भाजून झाली होती, ताटलीत हेझलनट आणि भाजलेले चणे होते, आणि हिकमेतकाका नव्या लाल मफलरात येऊन तंबोल्याला बसले होते. आकडा आला की तिकिटावर घेवड्याचा दाणा ठेवायचा. आजोबांचा दाणा दर वेळी भलत्याच घरात पडे, आणि शेजारी बसलेली पेलिन कुणाचे लक्ष नाही असे पाहून तो हळूच सरकवी.

‘‘रेफिकदादा,’’ हिकमेतकाका म्हणाले, ‘‘तुला सोळा ऐकू येतं आणि तू एकसष्टवर दाणा ठेवतोस. चष्मा विकून चणे खाल्लेस की काय?’’

‘‘तुझ्यासारखी लबाडी करत नाही मी. हरलास की तुला दुसऱ्याचं तिकीट दिसतं.’’

सगळे हसले. पेलिन तेवढी हसली नाही.

बारा वाजत आले तशी धांदल उडाली. नाझानने बरकतीसाठी उंबऱ्यावर मीठ पसरले. वर्षभर घरात सगळे वाहते राहावे म्हणून ती नळ उघडायला आत धावली. फोडायचे डाळिंब तिने धुऊनपुसून फळीवर ठेवले होते. अगदी माझ्या शेजारी. घरातल्या कर्त्याने बाहेर जायचे, बाराला उजवा पाय टाकून आत यायचे आणि डाळिंब आपटायचे, ही या घरची रीत. आजोबा कोट आणि लोकरीचे जाड हातमोजे घालून पायरीवर जाऊन उभे राहिले आणि दारातूनच त्यांनी फळीकडे हात लांबवला.

तो हात माझ्यावर पडला.

मी नव्हे, ते, ते पलीकडचे! माझा जीव नुसता ओरडत होता. पण आजोबांनी घाई केली. थांबून चाचपले असते तर सगळ्यांना दिसले असते ना! गल्लीत फटाके आणि गाड्यांचे भोंगे एकदमच सुरू झाले, आणि त्या गोंगाटात त्यांनी मला सगळ्या ताकदीने खाली आपटले.

माझे तुकडे खोलीभर उडाले. आतून मी पांढरे आहे, हे त्या घराने प्रथमच पाहिले. आणि आजोबा हसतमुखाने फरशीकडे पाहत म्हणाले, ‘‘बघा, किती लांब गेले दाणे! यंदा बरकत आहे घरात.’’

हिकमेतकाकांनी मफलर तोंडावर धरला.

‘‘बाबा,’’ नाझान म्हणाली, ‘‘ते आईचं डाळिंब होतं.’’

आजोबांचे हसू तसेच राहिले, जणू ते कुठे ठेवावे हे त्यांना सुचत नव्हते. नाझान माझ्या तुकड्यांकडे पाहत होती. मग तिची नजर किल्ल्यांच्या वाटीवर गेली आणि तिचा चेहरा माझ्या तुकड्यांहून पांढरा पडला. ती तिथेच मिठात बसली.

‘‘बाबा, तुम्ही रोज माझ्या लेकीला कसं नेता?’’

उत्तर पेलिनने दिले. ‘‘आई, तू रागावू नको. मी सांगते ना आजोबांना. सिग्नल लाल झाला की गुडघ्यावर एक चापट, हिरवा झाला की दोन. आजोबा म्हणाले, हे आपलं दोघांचं गुपित, कुणाला सांगायचं नाही. आम्ही एकदाच चुकलो. पण रस्त्यातल्या त्या मावशींनी बाजूला उडी मारली.’’

आत सगळे नळ वाहत होते. ते बंद करायचे भान कुणालाच राहिले नाही.

नाझान आरडाओरडा करील असे मला वाटले होते. तिने पेलिनला जवळ ओढून घेतले आणि घट्ट धरून ठेवले. आजोबांनी हातमोजे काढले. या वेळी त्यांनी लपवाछपवी केली नाही. सगळ्यांसमोर फळी चाचपत त्यांनी वाटी शोधली, किल्ल्या उचलल्या आणि मुलीपुढे धरल्या. नाझान कुठे बसली आहे तेही त्यांना नीट दिसत नव्हते, त्यामुळे किल्ल्या भलत्याच बाजूला धरल्या गेल्या. हिकमेतकाकांनी त्या हळूच त्यांच्या हातातून घेतल्या.

‘‘बस हातात होती तोवर मी बस चालवणारा होतो,’’ आजोबा म्हणाले. ‘‘आता गाडीही हातातून गेली तर मी कोण राहीन, याचीच भीती वाटली रे.’’

पुढे डॉक्टरांनी एका डोळ्यावरचा मोतीबिंदूचा पडदा काढला. दुसऱ्या डोळ्याला उशीर झाला होता. पेलिनने माझे तुकडे वेचले आणि तिघांनी मिळून ते चिकटवले. आता कुणीही मला खरे समजत नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटत नाही.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या असे मी सांगणार नाही. मी वस्तू आहे, मला जोडता आले. पण घरातले कुणी बूट चुकीचे घालू लागले, दाणा भलतीकडे ठेवू लागले, तर नुसते हसून सोडू नका, त्यांचा हात धरा. आणि तुमच्या लाडक्या माणसाने ‘कुणाला सांगू नको’ म्हटले, पण त्या गुपिताने तुमच्या पोटात गोळा येत असेल, तर ते मोठ्यांना सांगून टाका. मला तोंड नव्हते, म्हणून मला फुटावे लागले. तुम्हाला तोंड आहे.