जावयानं धुतलेला पाइप

पोहरादेवीची जत्रा आली की आमच्या शेजारी मदनसिंगकडे जीपभर पाहुणे उतरतात. यंदा मात्र त्याच्याकडे पाण्याचे हाल होते. बोअरच्या पाण्यात चुना फार. लोखंडी पाइपात त्याचा दगडासारखा थर बसला होता आणि टाकीत करंगळीएवढी धार पडत होती. एवढ्या माणसांच्या अंघोळी कशा होणार, या काळजीनं त्याच्या बायकोला, नानीबाईला जेवण गोड लागेना.

अशात जावई आला. धनराज गुजरातेत तेलाच्या विहिरींवर कामाला असतो.

"तिथं आमी मोठमोठ्या पाइपातला चुना ॲसिडनं काढतो, मामाजी. हे तं काहीच नाही."

मदनसिंग हळूच म्हणाला, "पाइप लय जुना हाय, जवाईबापू."

"म्हनून तं धुवाचा."

पाइपाला बोट लावलं तरी गंजाचे पापुद्रे सुटतात, हे सासऱ्याला ठाऊक होतं. पण सासुरवाडीत जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. नानीबाईनं चहा ठेवला. कुंपणापलीकडून मला हसूही येत होतं आणि रागही.

ॲसिड ओतलं, पाइप फसफसला. धनराजनं बादलीनं पाणी ओतून, ते नालीत सोडून तो स्वच्छ धुतला आणि ऐटीत मोटर लावली. टाकीत थेंब पडला नाही, अंगणभर फवारे उडाले. लोखंड कधीच गंजून गेलं होतं. इतकी वर्षं पाणी धरून ठेवलं होतं ते चुन्यानंच.

त्याच घटकेला पाहुण्यांची जीप दारात थांबली. उन्हानं पोळलेली पोरं फवाऱ्यांत शिरली. मागोमाग पाहुण्यांतली म्हातारी भुरीबाई लुगड्यासकट जाऊन बसली. बायकांनी घागरी लावल्या.

"पावन्यायची अशी सोय कोनं केली?" भुरीबाईनं विचारलं.

"आमच्या जवाईबापूनं," नानीबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार बिचारी!

धनराजचं तोंड एवढंसं झालं. तो सासऱ्याजवळ येऊन बसला.

"मामाजी, तुमाले माईत होतं?"

"होतं."

"मंग मले थांबवलं काहून नाही?"

"जवायाले कसं थांबवू?"

पोराला खरंच लाज वाटली. मला तेव्हा त्याची दयाच आली. "आजपासून बिनधास्त थांबवत जा," तो म्हणाला. मग जरा हुशारी येऊन उठला. "उद्या नवा पाइप मीच बसवून देतो."

मदनसिंगनं त्याचा हात धरला आणि त्याला परत खाली बसवलं.

"चहा घ्या," तो म्हणाला. "मिस्त्री येऊन राह्यला."