रक्षाच्या पायाखालचं पायडल

मित्रांनो, शिलाई मशीन म्हटलं की सगळे सुईचं कौतुक करतात. खाली वाकून माझ्याकडे कोण बघतं? मी त्या मशीनचं जुनं लोखंडी पायडल आहे. जाळीदार, दोन पावलं मावतील एवढं. पाय माझ्यावर पुढे-मागे झाला की दांडा हलतो, दांड्याने मोठं चाक फिरतं आणि चाकावरच्या पट्ट्याने मशीन चालतं. काम एवढंच, पण मला त्याचा भारी अभिमान आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

लोखंडाचा रस साच्यात ओतून मला घडवलं, ते आता फारसं आठवत नाही. माझी खरी हयात गेली आंजी मोठी या गावात, शकुबाईंच्या घरी. शकुबाई गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. लग्नसराईत त्यांचे पाय माझ्यावरून उतरत नसत. काय ती शिलाई! सरळ, बारीक, एक टाका इकडचा तिकडे नाही. गिऱ्हाईक बाई ब्लाउज उलटा करून आतली शिवण बघायची आणि मान डोलवायची. मी खालून ऐकत असे आणि मनात म्हणत असे, थोडं आमचंही नाव घ्या की!

मग मशीनला मोटर लागली. शकुबाईंचे गुडघे दुखू लागले होते, म्हणून मला बरंच वाटलं. पण खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं. मशीन नव्या टेबलावर गेलं आणि माझ्यासकट खालचा लोखंडी सांगाडा गोठ्यात. तिथे सहा वर्षं कोंबड्या माझ्यावर बसल्या. कोंबडीचं वजन ते काय! दांडा जरासुद्धा हलत नसे.

मला बाहेर काढलं शकुबाईंच्या लेकीने, रक्षाने. वर्ध्याच्या एका संस्थेने म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात साठवल्या होत्या. कानाला हेडफोन लावून त्या ऐकायच्या आणि शब्द न् शब्द टाइप करायचा, असं घरबसल्या करायचं काम तिला मिळालं होतं. घरात दुसरं टेबल नव्हतं, म्हणून तिने माझ्या सांगाड्यावर फळी ठोकली. याआधी पिपरी मेघे गावच्या एका दुकानातलं आणि मग एका क्लासमधलं, अशी दोन कामं तिच्या हातून गेली होती. एका जागी बसलं की तिचं मन भरकटायचं.

पहिल्याच दिवशी तिचा पाय माझ्यावर पडला आणि मी हलू लागलो. वर शिवायला काहीच नव्हतं. मला वाटलं, पोरगी खेळते आहे. पण तिचे हात बघायला हवे होते! पाय खाली चालत राहिला आणि वर बोटं एका लयीत पळू लागली. तासभर तिने मान वर केली नाही. शकुबाईंनंतर असं ध्यान मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नाही.

पण अण्णाजींना, म्हणजे रक्षाच्या वडिलांना, ते खपेना. माणूस मायाळू, पण बसल्या जागी पाय हलवला की घरातली लक्ष्मी जाते, हे त्यांच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं.

"पाय काऊन हालवून राह्यली? कामात ध्यान दे," ते रोज म्हणायचे.

महिनाअखेरच्या शनिवारी रक्षाची परीक्षा होती. चिंधू नावाच्या म्हाताऱ्या गाडीवानाची आठवण दुपारी बारापर्यंत लिहून पाठवायची. पाचापेक्षा जास्त शब्द चुकले तर काम दुसऱ्याला जाणार, असं संस्थेच्या निकेश सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. त्या सकाळी रक्षा अंघोळीला गेली आणि अण्णाजींनी पोती शिवायच्या सुतळीने मला करकचून बांधलं. लेकीचं भलं व्हावं म्हणूनच बरं का!

रक्षाने वाकून पाहिलं. बापाचा मान ठेवून तिने सुतळी सोडली नाही. पाय जमिनीवर टेकवून तिने सुरुवात केली आणि एकच वाक्य चार वेळा ऐकलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. दहा वाजले तरी पान भरेना. मी तिथेच होतो, तिच्या पायापासून वीतभर, आणि काहीच करू शकत नव्हतो. फार जीव तुटला माझा.

"माय, हेही काम गेलं तं मी कोठीच टिकत नाई असं होईन," ती शकुबाईंना म्हणाली.

शकुबाईंनी खाली बघितलं. त्या तडक ओसरीत गेल्या. अण्णाजी मोबाईलवर बातम्या ऐकत होते आणि ऐकता ऐकता मांडीवर दोरी वळत होते. शकुबाईंनी ती दोरी हातातून ओढून घेतली.

थोडा वेळ गेला. अण्णाजी हात चोळू लागले. "काय सांगतलं आता त्यानं बातमीत? दोरी दे अवं इकडं. मले तिच्याबिगर काई उमजत नाई."

"मंग पोरीच्या पायाखालचं पायडल काऊन बांधून ठेवलं तुमी? तिची दोरी तेच हाये." शकुबाई म्हणाल्या.

अण्णाजींनी मोबाईल बाजूला ठेवला. मग उठले, विळा घेतला आणि माझ्यापुढे उकिडवे बसून त्यांनी सुतळी कापली. दांड्याच्या सांध्यात तेलाचे थेंब सोडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरच्या मालकाचा मायेचा हात मला लागला.

"चालव, माय," ते रक्षाला म्हणाले.

आणि मित्रांनो, मी चाललो! बाराला पाच मिनिटं कमी असताना रक्षाने चिंधूबुवांची गाडी, बैल, पुराचा नाला, सगळं पोचतं केलं. संध्याकाळी निकेश सरांचा फोन आला. तीन शब्द चुकले होते. काम तिचंच राहिलं.

परवा अण्णाजींची बहीण आली होती. तिने टेबलाखाली पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "दादा, पोरगी पाय हालवून राह्यली. तू काई बोलत काऊन नाई?"

"हालू दे," अण्णाजी म्हणाले. "तिचा पाय थांबला का आता मलेच घोर लागते."

मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात कोणाचा तरी पाय हलत असेल. त्याला रागावण्याआधी त्याच्या हातातलं काम बघा. काम नीट चाललं असेल, तर पाय बांधू नका.