पेटीवरची पाटी

गुरुनाथने अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या घरात कॉर्न स्नेक या बिनविषारी सापाचं पिल्लू आणलं, आणि आपल्या नवऱ्याच्या अंगात एवढी माया आहे हे शुभाला लग्नानंतर सोळा वर्षांनी कळलं. पिल्लू बुजरं होतं, हात दिसला की अंग चोरायचं. गुरुनाथ रोज त्याच्या काचेच्या पेटीत तळवा ठेवून नुसता बसायचा. “बळजबरी नाही करायची, त्याला वाटेल तेव्हा येईल,” असं कुजबुजायचा. शुभाच्या डोक्यात तिडीक जायची.

शनिवारी चार कुटुंबं जेवायला आली. गुरुनाथने पेटीवर कागदाची पाटी चिकटवली होती: ‘बुजरं आहे. वेळ द्या. चारचौघांत छळू नका.’ पाहुण्यांना पेटीपासून लांब उभं करून त्याने जिन्याकडे तोंड केलं आणि लेकीवर खेकसला, “अंतरा, खाली ये! काका-काकूंना स्तोत्र म्हणून दाखव! बारा वर्षांची घोडी झालीस, लाजतेस काय?”

अंतरा खाली आली. सरळ पेटीपाशी गेली, पाटी काढली आणि छातीशी धरून पाहुण्यांसमोर उभी राहिली.

शुभाने बांगडीतली सेफ्टी पिन काढली. “हातात किती वेळ धरशील,” ती म्हणाली, “ये, फ्रॉकला लावून देते.”