असोद्याचे मासे आणि इंग्लंडचं सरकार

जीवरामनानांना एकच गोष्ट हवी होती. लेकीचं, मोहिनीचं, पहिलं बाळंतपण असोद्यात व्हावं. पहिली खेप माहेरची, यात वाद तो काय? पण मोहिनी नवऱ्याबरोबर इंग्लंडात आणि तिचे सासरे हेमराजआबा सोनगीरला. आबांनी इंग्लंड पाहिलेलं फक्त मुलाच्या, कुंदनच्या, फोनवर. तरी बोलायचे असं, की तिथला आरोग्यमंत्री रोज यांना विचारूनच चहा घेतो.

"तठे डेंगू नही, मलेरिया नही, दवाखाना फुकट शे. पोरले डासांमा कसाले आनतस?"

शेवटी रविवारी सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर बसून सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. नाना धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले. बालकांच्या लसी आपल्याकडेही फुकट, हिवतापाची तपासणी फुकट, क्षयाच्या गोळ्या फुकट, असा त्यांनी धडाका लावला. आबा प्रत्येक मुद्द्याला "तठे तो आजारच कमी शे" म्हणत उडवून लावायचे. नानांचा पारा चढत चालला. समोरचा माणूस इंग्लंडला न जाता इंग्लंडच्या वतीने भांडतो, म्हणजे काय!

मग त्यांनी व्याह्यांसमोर हुकमाचा पत्ता काढला. गावात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी हौद भरलेले. आरोग्य केंद्राची माणसं मागे येऊन नानांच्या हौदात गप्पी मासे सोडून गेली होती. हे मासे डासांच्या अळ्या खातात.

"याही, आमचं सरकार डास मारायले घरी मासे आणून देते! तुमचा तो राजा पाठोतो का मासे?"

नाना उठले, मिशीवर हात फिरवत हौदापाशी गेले आणि फोन पाण्यावर धरला.

मासे होते. चांगले गुबगुबीत, जावयासारखे निवांत. आणि त्यांच्या नाकासमोर अळ्यांचा नुसता नाच चालला होता. एक अळी तर माशाच्या पाठीला घासून गेली, पण त्याने ढुंकून पाहिलं नाही.

सोनगीरकडून हसण्याचा स्फोट झाला. "याही, तुमना बठ्ठा डॉक्टर झोपेल शेतस! एक बी जागा नही!"

नानांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. "अरे, हे खात कायले नही?"

मागून पुष्पाबाई पदराने हात पुसत आल्या. "त्यायले भूकच कुठे लागते? मी रोज कणकीच्या गोया टाकते ना. मुका जीव, आपल्या दारी आलेला, उपाशी ठेवू का?"

"अव, त्यायनं उपाशीच राहायले पाहिजे! तेच त्यायचं काम आहे!"

"तुम्ही राहून पाहा एक दिवस," पुष्पाबाई म्हणाल्या.

आता कुंदनही हसू लागला. नाना फोन धरून तसेच उभे राहिले. आपण हरलो, आता पोरगी येत नाही, हे त्यांना कळलं. अळ्या मात्र मजेत होत्या.

तेवढ्यात मोहिनीचा आवाज आला. "नाना, मागच्या महिन्यात मले ताप आला होता. तुम्हाले सांगितलं नही. इथे लगेच तपासलं, पैसाही घेतला नही. बठ्ठं नीट झालं. पण जेवली का, असं कोणीच विचारलं नही."

सोनगीरचं हसू बंद पडलं.

"ज्या घरात मासेही उपाशी राहत नही," मोहिनी नाक ओढत म्हणाली, "तिथे मी येते. आधी तो हौद घासा."

हेमराजआबांनी इंग्लंडच्या वतीने नुसतं खाकरून पाहिलं. नानांनी फोन पुष्पाबाईंच्या हातात कोंबला, धुतलेल्या सदऱ्यासकट हौदात उतरले आणि डोळे पुसायच्या आत घासायला लागले.